हळू बोलणारे बाबा

जिन्याच्या पहिल्या वळणावरच टाचणीला कळलं, की आपल्यासाठी केक आणलेला आहे आणि तो आपल्यापासून लपवायचं चाललं आहे.

"कपाटात ठेव! पाठीमागे! तिला वाससुद्धा लागता कामा नये!" तिसऱ्या मजल्यावर काका कुजबुजत होते. काका कुजबुजले की जिन्याचा कठडा थरथरायचा.

तळमजल्यावरच्या शिंप्याने मशीन थांबवून दारातून मान बाहेर काढली. "कळलं ना?"

"कळलं," टाचणी म्हणाली.

"चॉकलेटचा आहे. सकाळी आणला तेव्हा मला गुपित म्हणून सांगितलं. समोरच्या फुटपाथवरच्या दोघांनी तर अभिनंदनही केलं, कशाचं ते न विचारता."

टाचणी हसत जिना चढू लागली आणि दुसऱ्या मजल्यावर थांबली. ओठ हलवून तिने एक शब्द म्हणून पाहिला. इकडेतिकडे बघितलं, पुन्हा एकदा म्हणून पाहिला. आवाज मात्र काढला नाही.

शब्द होता 'बाबा'.

काका म्हणजे तिचे वडील. सख्खे, जन्मदाते. नाक त्यांचं, कपाळ त्यांचं, उन्हात शिंकायची खोडसुद्धा त्यांचीच. आता कितीतरी घरांत मुलं वडिलांना काका, दादा, आप्पा म्हणतात. चुलत भावंडांचं ऐकून तशी सवय लागते आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. पण टाचणीला चुलत भावंडंच नव्हती. पन्नाशीला टेकेपर्यंत तिने वडिलांना काका म्हटलं, त्याला कारण वेगळंच होतं. आणि आज घाई होती, त्यालाही कारण होतं. काकांचा डावा कान तोफांनी केव्हाच नेला होता. उजवा त्यांनी जन्मभर पुरवून पुरवून वापरला. आता तोही हिवाळ्यापर्यंत साथ सोडणार, असं कानाच्या डॉक्टरांनी परवाच सांगितलं होतं. म्हणजे एकदा तरी त्यांना 'बाबा' म्हणायचं आणि ते त्यांना ऐकू जायचं, तर ते आताच.

सख्ख्या बापाला बाबा म्हणायला एवढी तालीम कशाला, असं कुणालाही वाटेल. त्यासाठी जरा मागे जायला हवं, टाचणीच्या जन्माच्याही मागे.

त्या वेळी काका कुणाचेच काका नव्हते. एका फिरत्या नाटक कंपनीत ते प्रॉम्प्टर होते. विंगेत एका स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची वही ठेवायची आणि नट अडखळला की पुढचं वाक्य त्याच्या कानात सोडायचं, प्रेक्षकांच्या नाही. त्यांचा आवाज इतका हळू, की कंपनीत पैजा लागायच्या. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ऐकू यायचं नाही आणि रंगमंचाच्या पलीकडच्या टोकाला नटीला स्पष्ट कळायचं. हे कसं साधतं, असं मालकांनी विचारलं. त्यांनी ते समजावूनही सांगितलं, पण मालकांना ते ऐकूच आलं नाही.

आई त्याच कंपनीत नटी होती. दिसायला चुणचुणीत, हजरजबाबी, प्रेक्षकांची लाडकी, आणि पाठांतराच्या नावाने शंख. आपलं वाक्य तिला आठवायचं ते बहुधा खेळ संपल्यावर, पावडर पुसताना. त्यामुळे विंगेतून जे येईल ते हातवाऱ्यांसकट म्हणून टाकायचं, एवढं ती शिकली होती. अर्थाबिर्थाच्या फंदात ती पडायची नाही.

एका खेळात ती मोलकरीण होती. फौजदार दरडावून विचारतो, "चोर कुठे गेला?" आणि तिने म्हणायचं, "साहेब, मागच्या दाराने पळाला." फौजदार विचारून बसला. आईचं डोकं कोरं. तिने मान किंचित वळवून विंगेकडे पाहिलं. ते पाहणं काही साधंसुधं नसावं. कारण खेळ संपल्यावर, धीर झालाच तर, जे विचारायचं असं त्या हळू बोलणाऱ्या माणसाने ठरवलं होतं, ते त्याच्या तोंडून तिथेच निसटलं.

आईने ते उचललं, पदन्यास केला आणि फौजदाराकडे बोट रोखून खणखणीत आवाजात म्हणाली, "लग्न करशील माझ्याशी?"

फौजदार झालेला नट पन्नाशीचा, आडव्या अंगाचा आणि ब्रह्मचारी होता. साध्या मोलकरणीने त्याला अरेतुरे केलं होतं, तेही भर थिएटरात. पण गडी कसलेला. मिशी सावरत म्हणाला, "आधी चोर सापडू दे."

थिएटर कोसळायचं बाकी राहिलं. त्या गदारोळात आपण काय बोललो ते आईच्या ध्यानात आलं, मग ते कुणाचं बोलणं होतं तेही ध्यानात आलं, आणि ती लाल झाली. पुढच्या प्रवेशात केर काढता काढता ती विंगेपर्यंत गेली आणि केरसुणीशी बोलल्यासारखं "हो" म्हणाली. मालकांनी दोन्ही वाक्यं नाटकात कायमची ठेवली. फौजदार लग्नाला आला तो मिशी लावूनच. त्याच्या मते पहिला मान त्याचा होता.

तीन खोल्यांचं घर मिळालं. त्यातल्या एकीत कंपनीचे कपडे. घरात दोघांचा संसार असा, की आई वाक्य सुरू करायची आणि ते हळूच पुरं करायचे. "अहो, ते हे कुठे..." "खुंटीवर." "आणि मला आज कुणीतरी ते..." "बोलावलंय. सहाला. निळा झगा घाल." शेजारणीला वाटायचं, बाई एकटीच बडबडते.

मग युद्ध लागलं आणि भरती सुरू झाली. भरतीच्या अधिकाऱ्यासमोर उभं राहून त्यांनी सगळी उत्तरं खरीखुरी दिली. अडचण एवढीच, की त्यांच्या वाक्याचा कधी पहिला शब्द, तर कधी सगळं वाक्यच मिशीत राहायचं.

"मोठ्या आवाजाचा त्रास होतो का?"

"फार होतो," असं ते म्हणाले. अधिकाऱ्याला नुसतेच ओठ हललेले दिसले, आणि ज्याला त्रास होतो तो ओरडून सांगतो, असा त्याचा अनुभव होता.

"तोफखाना चालेल?"

"नाही चालणार."

"चालणार? शाब्बास! पुढचा!"

अशा रीतीने कंपनीतला सगळ्यात हळू माणूस सैन्यातल्या सगळ्यात मोठ्या तोफेवर गेला. निघताना आईने त्याच्या कोटाचं बटण घट्ट केलं. तिला बरंच काही बोलायचं होतं, पण सवयीप्रमाणे त्याच्याकडे पाहिलं तर त्याच्याकडेही वाक्य नव्हतं. टाचणी तेव्हा पोटात होती.

तो गेल्यावर मालकांनी दुसरा प्रॉम्प्टर आणला. आईने त्याला स्टुलावर बसू दिलं नाही. "ती जागा भरलेली आहे," म्हणाली. बिचारा वही घेऊन उभा राहायचा. आवाज त्याचा बरा होता, पण आई भावनेने गप्प झाली आहे की विसरली आहे, हे त्याला कळायचं नाही. तेव्हा आईने स्वतःच एक युक्ती काढली. आठवेनासं झालं, की "मी चहा टाकते," म्हणून आत जायचं, वहीत बघायचं आणि परत यायचं. संसारी नाटकांत ते खपून गेलं. पण एका नाटकात ती राणी होती, तिथेही तिने चहा टाकला. एकदा नायक तिच्या मांडीवर शेवटचा श्वास घेत होता; त्याचं डोकं अलगद खाली ठेवून ती चहा टाकायला गेली. आणि तुरुंगाच्या अंधारकोठडीतून ती चहा टाकायला निघाली, तेव्हा पहारेकऱ्याने अदबीने दार उघडलं.

टाचणी विंगेतच वाढली. कपडेपटात सांडलेल्या टाचण्या वेचायचं काम तिचं, म्हणून हे नाव. अंगानेही तशीच होती. रिकाम्या स्टुलाकडे बोट दाखवून आई तिला सांगायची, "ही तुझ्या बाबांची जागा. तुझे बाबा जगात सगळ्यात हळू बोलतात. मुंगीशी बोलले ना, तरी मुंगी म्हणेल, काय म्हणालात?" दुसरी काही खूण आईने सांगितली नाही. उंची नाही, डोळे नाहीत. टाचणीपुरते बाबा म्हणजे एक हळू आवाज, आणि तो एक ना एक दिवस त्या स्टुलावर येऊन बसणार होता.

युद्ध संपलं, आणि एके दिवशी दुपारच्या खेळाला एक माणूस विंगेत शिरला. अंगात मळका लांब कोट, खांद्याला पिशवी. तो सरळ स्टुलाकडे गेला आणि बसणार एवढ्यात टाचणी मध्ये उभी राहिली.

"काका, तिथे बसायचं नाही. ती माझ्या बाबांची जागा आहे."

त्याने उजवा कान तिच्याकडे केला. "काय म्हणालीस?" हे तो, आपल्या समजुतीने, कुजबुजला. रंगमंचावर खलनायक दचकून म्हणाला, "मी? मी अजून काहीच म्हणालो नाही."

टाचणीने पुन्हा ठणकावून सांगितलं. माणूस स्टुलाकडे बघत राहिला, मग तिच्याकडे.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "मी खाली बसतो." आणि पिशवी टेकवून जमिनीवर बसला.

तेवढ्यात पलीकडे आई अडकली. "मी चहा..." असं तिने सुरू केलं आणि विंगेतून तोफ सुटावी तसा आवाज आला, "या घराची पायरी मी पुन्हा चढणार नाही!"

मागच्या रांगेतला एक झोपलेला गृहस्थ उभा राहिला आणि माफी मागून बाहेर गेला. आई जागच्या जागी थिजली. आवाज ओळखीचा नव्हता. पण वेळ ओळखीची होती. वाक्य जीभ सोडून निघून जातं आणि भीती अजून आलेली नसते, त्या नेमक्या क्षणी वाक्य देणारा जगात एकच माणूस होता.

"चढणार!" आई ओरडली. "हजारदा चढणार!" आणि नाटक तिथेच टाकून विंगेत धावली. खलनायकाने प्रसंगावधान राखून प्रेक्षकांना सांगितलं, "मी चहा टाकतो," आणि पडदा पडला.

आई त्या माणसाच्या गळ्यात पडून हसत होती, रडत होती. टाचणी तिचा झगा ओढत म्हणाली, "आई, काकांना सोड. कोट घाण आहे त्यांचा."

"अगं वेडे, हेच तुझे बाबा!"

टाचणीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बाबा हळू बोलतात," ती म्हणाली, आणि तिच्या लेखी तो विषय संपला.

कसं पटवणार? तोफांनी एक कान पुरता आणि दुसरा निम्मा नेला होता, आणि स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे हा माणूस आता ओरडतच बोलायचा. त्याचं 'मीठ दे' तळमजल्यावर पोचायचं आणि शिंपी खरंच मीठ घेऊन वर यायचा. रात्रीच्या लाडीगोडीचं काय सांगावं. सकाळी जिन्यात बायका आईकडे बघून गालातल्या गालात हसायच्या आणि आपापल्या नवऱ्यांकडे बघून सुस्कारे टाकायच्या.

टाचणीची काही तक्रार नव्हती. काका झकास होते. ते भिंतीवर सावल्यांचे हत्ती करायचे, तिला खांद्यावर घेऊन पायऱ्या चढायचे. फक्त बाबा आल्यावर यांची सोय कुठे करायची, ही काळजी तिला होती. "आई, बाबा आले की काकांना कपडेपटात झोपवू या. त्यांचं घोरणं कपड्यांना चालेल."

रोज संध्याकाळी ती खिडकीत बसून बाबांची वाट बघायची, आणि काका तिच्या शेजारी बसून वाट बघायचे.

"दिसतात कसे गं तुझे बाबा?"

"दिसत नाहीत. ऐकू येतात. तेसुद्धा जवळ गेलं तरच."

"मग आपल्याला कसं कळणार आले ते?"

"तुम्ही गप्प बसलात तर कळेल."

मग काका गप्प बसायचे. दोघं कान देऊन रस्त्याकडे बघत राहायची.

आई वैतागायची. "अहो, तुम्ही तरी तिला समजावा!"

"काय समजावू?" काका कुजबुजले, म्हणजे टाचणीने शेजारच्या खोलीत ऐकलं आणि शिंप्याने खाली ऐकलं. "बरोबरच आहे तिचं. तो हळू बोलणारा कुठे राहिला, मलाही ठाऊक नाही. आला तर दोघं मिळून ओळखू."

टाचणीला त्यातलं काही कळलं नाही. काकाही आपल्यासारखेच बाबांच्या वाटेकडे डोळे लावून आहेत, एवढं मात्र तिला आवडलं.

इकडे कंपनीत मालक डोक्याला हात लावून बसले होते. प्रॉम्प्टरचं प्रत्येक वाक्य नटाच्या आधी शेवटच्या रांगेत पोचत होतं. पण लोक हसत होते, आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना घेऊन येत होते. शेवटी मालकांनी काकांचं स्टूल विंगेतून उचलून रंगमंचावरच ठेवलं. नाटक कुठलंही असो, राजवाडा असो की दवाखाना, कोपऱ्यात काका एका ठार बहिऱ्या आजोबांच्या सोंगात वही घेऊन बसलेले असत आणि सगळ्यांची वाक्यं आधीच ओरडून सांगत असत. प्रेमिक लाजत लाजत म्हणायचा, "मला तुला काही सांगायचंय..." आणि आजोबा गरजायचे, "तिच्यावर प्रेम आहे त्याचं! सांगतोय तो आता!" त्या काळात कंपनीला जितक्या टाळ्या मिळाल्या तितक्या ना आधी मिळाल्या ना नंतर. आई प्रत्येक खेळात निर्धास्त विसरायची.

टाचणीचे दात पडायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. दुपारी काका आरामखुर्चीत झोपले होते. ती त्यांच्या पायाशी चित्रं काढत होती. आणि तिला कुणीतरी बोलताना ऐकू आलं. इतकं हळू, की पेन्सिल थांबवावी लागली. ती उठून जवळ गेली, अजून जवळ गेली, काकांच्या तोंडापाशी कान नेला.

"साहेब, मागच्या दाराने पळाला," झोपेत काका म्हणत होते. "मागच्या दाराने पळाला..." मुंगीने म्हटलं असतं, काय म्हणालात?

टाचणी हलली नाही. खिडकीतून ज्यांची वाट बघितली ते घरातच होते. ते फक्त झोपेत यायचे. तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात काकांचे डोळे उघडले.

"चहा!" ते गरजले.

"आणते, काका," टाचणी म्हणाली. आणि संधी गेली.

पुढे ती कायमचीच गेल्यासारखी झाली. तिला सगळं कळलेलं होतं, पण आता म्हणायचं कसं? दुसऱ्या एखाद्या बापाला मुलीने सहज, पाणी देता देता, हळूच बाबा म्हटलं असतं आणि त्यानेही हळूच ऐकलं असतं. या माणसाला हळू काही सांगताच येत नव्हतं. त्यांना बाबा म्हणायचं म्हणजे घसा ताणून ओरडायचं, आणि इतक्या वर्षांनी असं ओरडलं की सगळे मजले दारात येणार, शिंपी मीठ घेऊन येणार, आणि काका विचारणार, "काय झालं? कोण आलं?"

शिवाय टाचणीच्या स्वभावात ओरडणं नव्हतंच. वडिलांचा गेलेला आवाज कुणाकडे तरी जायला हवा होता, तो तिच्याकडे आला. ती वाचनालयात नोकरीला लागली. पुस्तकं आणि शांतता, तिला दुसरं काही नको होतं. काका तिला डबा द्यायला यायचे तेव्हा दारातूनच कुजबुजायचे, "टाचणी, मी आत आवाज न करता येतो!" आणि वाचनकक्षातली सगळी डोकी एकदम वर यायची. एका रहस्यकथेच्या वाचकाला त्यांनी जाता जाता सांगितलं, "छान आहे. डॉक्टरच खुनी." त्याने पुस्तक तिथल्या तिथे परत केलं.

लग्नाच्या दिवशी तिने एकदा प्रयत्न केला होता. निघताना त्यांच्या गळ्यात पडून कानात म्हणाली, "बाबा." पण तो डावा कान होता. काका म्हणाले, "भूक लागली? अगं, कुणीतरी हिला खायला द्या!" आणि नवरीच्या हातात बशी आली.

तर अशी ही टाचणी त्या रविवारी तिसऱ्या मजल्यावर पोचली. केक बघून तिने दचकल्याचा अभिनय केला. आई म्हणाली, "अभिनय वाईट होता, पण चालेल." काका खूश. मग तिघं टेबलाशी मटार सोलायला बसली. आई सोलायची आणि खायची, काका सोलायचे आणि उडवायचे. टाचणीने खुर्ची सरकवून त्यांच्या उजव्या बाजूला घेतली. छातीत श्वास भरला.

"बा..." ती म्हणाली, आणि शब्द अर्ध्यावर अडकला.

अर्धवट वाक्य बघून प्रॉम्प्टर कधी गप्प बसतो? काकांचा चेहरा उजळला. "बादली!" ते म्हणाले, आणि उठून मोरीतली बादली घेऊन आले. मटाराची सालं तिच्यात टाकली. "बरं सुचलं तुला."

"नाही, तसं नाही. बा..."

"बाक? बाकाचं काय? मोडला?"

"बाक नाही हो. बा..."

"बाग!" काका ओरडले. "बागेत जाऊ या! अगं, ऊठ, पोरीला बागेत जायचंय!"

"आता?" आई म्हणाली. "मटार?"

"मटार बागेत सोलू!"

खालून शिंपी ओरडला, "छत्री घेऊन जा, ढग आलेत!"

आणि खरंच तिघं बागेत गेली, मांडीवर मटार घेऊन, बाकावर ओळीने बसली. समोर कारंजं होतं. आई कुठल्याशा जुन्या नाटकातलं भाषण म्हणून दाखवत होती आणि अर्ध्यावर थांबत होती. काका पुढचं देत होते आणि पलीकडच्या बाकावरचं जोडपं टाळ्या वाजवत होतं. हसून हसून टाचणीच्या पोटात दुखायला लागलं. आईने एकदा तिच्याकडे जरा रोखून पाहिलं.

निघताना काका जिन्याच्या तोंडापर्यंत आले. टाचणी दोन पायऱ्या उतरली, वळली. "बा..." तिने शेवटचं म्हणून पाहिलं.

काकांनी तिच्याकडे बघितलं. एरवी ते वाक्य देताना कधी थांबत नसत. या वेळी जरा थांबले. मग म्हणाले, "बाकीचं पुढच्या रविवारी!"

"चालेल," टाचणी म्हणाली, आणि घरी पोचेपर्यंत ती मधूनच हसत होती. बसमधली एक बाई तिला म्हणालीसुद्धा, "आम्हालाही सांगा की."

सोमवारी सकाळी काका दाढी करता करता खाली बसले. शिंप्याने गाडी बोलावली. टाचणी वाचनालयातून इस्पितळात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

आई बाहेरच्या बाकावर बसली होती. टाचणी चौकशीच्या खिडकीपाशी गेली. काचेमागे एक चष्मेवाली बाई होती.

"तुमचे कोण ते?"

"काका."

"म्हणजे तुम्ही पुतणी."

"नाही, मुलगी."

"मुलगी कुणाची?"

"काकांची."

"म्हणजे तुमच्या चुलत बहिणीबद्दल बोलताय का? त्या आल्या आहेत?"

"नाही, मीच."

बाईने चष्मा काढला आणि फार मायेने विचारलं, "बसता का जरा? पाणी देऊ?"

मागच्या बाकावरून विचित्र आवाज आला. टाचणीने वळून पाहिलं. आई हसत होती. दोन्ही हातांनी तोंड दाबून, खांदे गदगदवत हसत होती, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. टाचणीलाही हसू फुटलं. रांगेतल्या लोकांनी नजर खाली वळवली. अशा वेळी माणसांचं काय होतं ते त्यांना माहीत होतं.

"तिचे वडील आहेत हो ते," आई कशीबशी म्हणाली. "आणि माझे हे. सोडा आम्हाला आत."

खोली छोटी होती. काका स्वच्छ चादरीखाली होते. अर्ध्या चेहऱ्यावर दाढी झालेली, अर्ध्या राहिलेली. नर्स दाराशी थांबून म्हणाली, "शेजारच्या खोलीत पेशंट झोपलेत. जरा हळू बोला, हं."

दोघी उभ्या राहिल्या. आईने चादरीची सुरकुती सारखी केली. मग टाचणीकडे न बघता म्हणाली, "बोलून टाक."

"काय?"

"काल दिवसभर तुझ्या तोंडात होतं ते. बादली नव्हती ती." आईने नाक पुसलं. "सगळा जन्म स्टेजवर काढलाय मी. माणूस वाक्य विसरलाय की गिळतोय, एवढं मला कळतं. त्यांनाही कळायचं."

"आता काय उपयोग, आई?"

"उपयोगाचं कोण बोलतंय?"

टाचणी पलंगाला वळसा घालून उजव्या बाजूला गेली. वाकली. शब्द अगदी जवळ होता.

"बाबा," ती म्हणाली. तो आवाज वाचनालयातला होता.

"मोठ्याने," आई म्हणाली.

टाचणीने श्वास घेतला.

"बाबा!"

दार उघडलं. नर्स आत आली. "अहो बाई, हळू, हळू बोला ना."

"त्यांना हळू ऐकू येत नाही," टाचणीने तिला सांगितलं, आणि पुन्हा त्यांच्याकडे वळून, सगळ्या मजल्यांना कळेल अशा आवाजात म्हणाली, "बाबा! अहो बाबा! बाबा!"